व्यासपीठावरचे सार्वभौमत्व आणि करारातले सार्वभौमत्व
(कोयनानगर येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणुकीच्या प्रचारात राष्ट्राचे सार्वभौमत्व हा विषय कसा मांडला जातो, हा आजचा विषय आहे. असा विषय निघाला की पुस्तकी चर्चा सुरू होते. ब्रुसेल्स, वॉशिंग्टन, बुडापेस्ट अशी नावे येतात आणि ऐकणाऱ्याला वाटते, याचा आपल्याशी काय संबंध? परंतु कोयनानगरात बसून या विषयाचा विचार करण्यासाठी तेवढ्या लांब जाण्याची आवश्यकता नाही. येथून निघणाऱ्या पाण्याच्या मागोमाग गेले तरी पुरते.

शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइन फिरवते, पुढे अलोऱ्याला पुन्हा वीज देते आणि मग वाशिष्ठीच्या पात्रातून चिपळूणवरून वाहत दाभोळच्या खाडीत अरबी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात, गोपाळगडाच्या शेजारी अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावे आहेत. १९९५ साली महाराष्ट्राच्या निवडणुकीत ज्या प्रकल्पाचे नाव घरोघरी पोहोचले, तो दाभोळ वीज प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एन्रॉन’, याच गावांच्या जमिनीवर उभा राहिला. कोयनेचे पाणी जेथे समुद्राला मिळते तेथेच एन्रॉनला समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली होती.

पाश्चात्य अभ्यासक ज्यांना ‘उजवे लोकानुनयी पक्ष’ असे लेबल लावतात, त्यांत ते आपल्याकडील काही पक्षांची नावेही सर्रास घालतात. हे लेबल आपल्याला मान्य असण्याचे कारण नाही. युरोपातील उजवे-डावे या चौकटीत भारतातील राष्ट्रविचार बसत नाही, हे अनेकदा सांगून झाले आहे. पण लेबल नाकारले म्हणजे प्रश्न नाकारता येतो, असे नाही. प्रश्न साधा आहे. राष्ट्राच्या सार्वभौमत्वाची भाषा बोलून मते मागणारा पक्ष सत्तेवर आल्यावर त्या भाषेचे काय होते? या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच विचाराच्या युतीचे आहे. म्हणून ते इतरांनी सांगण्यापेक्षा आपणच नीट समजून घेतलेले बरे.

आधी थोडा पूर्वेतिहास. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी आटली आणि अर्थव्यवस्था खुली करण्याचा निर्णय झाला. वीजनिर्मितीत परदेशी भांडवल आणावे म्हणून १९९२ च्या मे महिन्यात केंद्रीय ऊर्जा सचिवांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ अमेरिकेला गेले. जूनमध्ये एन्रॉनचे प्रतिनिधी भारतात आले आणि आठवडाभराच्या आत, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी त्यांचा सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाहीत, स्पर्धा नाही. दोन हजार मेगावॉटच्या वर क्षमतेचा, सुमारे नऊ हजार कोटी रुपयांचा प्रकल्प एका कंपनीशी थेट बोलून ठरला. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. त्या वेळी राज्यात शरद पवार यांचे सरकार होते आणि केंद्रातही काँग्रेसच होती.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे, कारण ती प्रचारात फारशी बोलली गेली नाही. या प्रकल्पाला पैसा देण्यास जागतिक बँकेने १९९३ च्या एप्रिलमध्ये नकार दिला. स्वदेशीची आस्था म्हणून तिने तसे केले नव्हते, हिशेब मांडून केले होते. एवढा मोठा प्रकल्प, आयात इंधनावर, अहोरात्र पूर्ण भाराने चालवायचा म्हटला तर मंडळाला आपली स्वस्त कोळशाची केंद्रे मागे ठेवून महाग वीज घ्यावी लागेल, असे बँकेचे म्हणणे होते. महाराष्ट्राला संध्याकाळच्या मागणीच्या वेळची वीज हवी होती आणि करार होता रात्रंदिवसाच्या विजेचा. संध्याकाळची ती गरज भागवण्याचे काम कोण करत होते? हे कोयनानगरच्या माणसाला सांगावे लागत नाही. झडप उघडली की काही मिनिटांत वीज आणि मागणी उतरली की झडप बंद.

हीच जागतिक बँक कोयनेला कर्ज देणारी. कोयना प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात तिचे कर्ज होते, चौथ्या टप्प्यालाही तिचे साहाय्य होते. मग कोयना प्रकल्पाने देशाचे सार्वभौमत्व गहाण पडले असे कोणी का म्हटले नाही? कारण कर्ज परक्याचे असले तरी धरण आपले, वीजगृह आपले, पाणी आपले, आणि विजेचा दर कोणी ठरवायचा हा अधिकारही आपला होता. कर्जाची रक्कम ठरलेली, व्याज ठरलेले. ते फेडले की सावकार दाराबाहेर. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, ती मर्यादाही आपल्याच देशातील राज्याराज्यांच्या न्यायाने आली. म्हणजे पैसा परदेशी आहे की स्वदेशी, ही सार्वभौमत्वाची खरी कसोटी नव्हे. निर्णय कोणाच्या हातात राहतो, ही कसोटी आहे. गावागावांत ही गोष्ट सांगणे कठीण, कारण ती घोषणेत मावत नाही.

आता १९९५ ची निवडणूक. गोपीनाथ मुंडे यांच्या संघर्ष यात्रेने वातावरण तापले होते, शिवसेनाप्रमुखांच्या सभांना अफाट गर्दी होत होती आणि ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ हे वाक्य प्रत्येक सभेत टाळ्या घेत होते. ते इतके प्रभावी का ठरले? त्यात तीनच गोष्टी आहेत. एक परक्या उच्चाराचे नाव आहे, जे ऐकताच ‘हे आपले नाही’ असे वाटते. एक ओळखीची जागा आहे. अरबी समुद्र म्हटला की कोकणातल्या माणसाला त्याचा किनारा आणि देशावरच्या माणसाला त्याचा इतिहास आठवतो. परकी जहाजे तेथूनच आली आणि पहिले आरमारही तेथेच उभे राहिले. आणि एक क्रियापद आहे, बुडवू. त्याला अंमलबजावणीचा टप्पा नाही, खर्च नाही, मुदत नाही. प्रचारातली सार्वभौमत्वाची भाषा जगभर अशीच असते. एक परका, एक सीमा आणि एक निर्णायक क्रिया.

या भाषेत खोटेपणा होता असे म्हणता येणार नाही. करार गुपचूप झाला होता, हे खरे होते. कंपनीला भागभांडवलावर सोळा टक्के परतावा देणारे केंद्राचे धोरण होते, तेही खरे. निवडणुकीच्या तोंडावर, १९९५ च्या जानेवारीत, एन्रॉनच्याच एका अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले की, भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. हे शिक्षण कोणाला आणि कसे दिले गेले, हा प्रश्न कोणत्याही स्वाभिमानी माणसाने विचारलाच असता. स्वदेशी जागरण मंचाने हा विषय निवडणुकीच्या आधीपासून लावून धरला होता आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी कागदपत्रांचा अभ्यास केला होता. डाव्या कामगार संघटनाही याच प्रश्नावर लढत होत्या. भगव्या ध्वजाखालचे आणि लाल बावट्याखालचे लोक एकाच बाजूला उभे राहिल्याचे ते दुर्मीळ दृश्य होते. दोघांनाही ते थोडे अवघडच वाटत असणार.

तरीही सभेत जे बोलले गेले आणि करारात जे लिहिलेले होते, त्यांत मोठे अंतर होते. सभेत ईस्ट इंडिया कंपनीची उपमा दिली जाई. करारात मात्र तलवार नव्हती, कलमे होती. वीज घ्या अथवा घेऊ नका, नव्वद टक्के उपलब्धतेच्या हिशेबाने क्षमता आकार भरलाच पाहिजे, असे एक कलम. दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला, म्हणजे रुपया घसरला की कोल्हापूरच्या चक्कीवाल्याचे बिल वाढायचे, असे दुसरे. इंधन आयातीचे, आधी नाफ्ता आणि पुढे जहाजाने आखातातून येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू, त्याच्या किमतीचा भारही खरेदीदारावर. मंडळ पैसे देऊ शकले नाही तर राज्य सरकारची हमी आणि राज्याने दिले नाहीत तर १९९४ साली केंद्राने दिलेली प्रतिहमी. वाद झाला तर तो लंडनमध्ये लवादापुढे. आणि या सर्वांच्या पोटात एक कलम असे की, सरकार आपल्या सार्वभौम संरक्षणाचा आधार घेणार नाही. परक्या न्यायासनापुढे ‘आम्ही सार्वभौम सरकार आहोत, आमच्या मालमत्तेला हात लावता येणार नाही’ असे म्हणण्याचा जो अधिकार प्रत्येक राष्ट्राला असतो, तो लेखी सोडून दिलेला होता.

सार्वभौमत्व हा शब्द एन्रॉनच्या प्रकरणात अक्षरशः जेथे होता, ती जागा ही होती. पण त्या कलमावर टाळ्या मिळत नाहीत. ‘समुद्रात बुडवू’ यावर मिळतात.

निवडणुकीचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या, काँग्रेस ८० वर आली आणि १४ मार्च १९९५ रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशी यांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. उपमुख्यमंत्री मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळाची उपसमिती नेमण्यात आली. तिने जुलैमध्ये अहवाल दिला. स्पर्धेचा अभाव, गुप्तता, फुगवलेला खर्च, कंपनीला दिलेल्या सवलती असे आक्षेप त्यात नोंदवले होते. पहिला टप्पा सध्याच्या स्वरूपात स्वीकारू नये आणि दुसरा टप्पा रद्द करावा, अशी शिफारस होती. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आधीच जाहीर इशारा दिला होता की, करार मोडल्यास भारतात येणाऱ्या अन्य गुंतवणुकीवर परिणाम होईल. त्या इशाऱ्याला न जुमानता ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत करार रद्द झाल्याची घोषणा केली. निवडणुकीत दिलेला शब्द सत्तेवर आल्यावर पाच महिन्यांत पाळला गेला, असे त्या दिवशी प्रत्येक कार्यकर्त्याला वाटले असेल. तो अभिमान खोटा नव्हता.

त्यानंतरचे तीन महिने मात्र नीट पाहण्यासारखे आहेत. कंपनीने करारानुसार लंडनमध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केली. राज्य सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. हा करार फसवणुकीने आणि गैरमार्गाने झाला असल्यामुळे मुळातच अवैध आहे, असे त्यात म्हटले होते. हा फार गंभीर आरोप होता. तो सिद्ध झाला असता तर नुकसानभरपाईचा प्रश्नच उरला नसता. परंतु १ नोव्हेंबरला एन्रॉनच्या प्रमुख अधिकारी रिबेका मार्क ‘मातोश्री’वर शिवसेनाप्रमुखांना भेटल्या. ८ नोव्हेंबरला अर्थशास्त्रज्ञ किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली फेरवाटाघाटींसाठी गट नेमण्यात आला आणि १९ नोव्हेंबरला त्याचा अहवालही आला. मूळ सामंजस्य करार आठवडाभरात झाला म्हणून ज्यांनी टीका केली, त्यांच्याच राज्यात फेरवाटाघाटींना दोन आठवडेही लागले नाहीत. जानेवारी १९९६ मध्ये नवा तोडगा स्वीकारल्याचे जाहीर झाले.

नव्या करारात काय मिळाले? पहिला टप्पा ६९५ वरून ७४० मेगावॉट झाला. प्रकल्पाचा खर्च आणि विजेचा दर कमी झाल्याचे सांगण्यात आले. युनिटला १ रुपया ८६ पैसे हा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांतून फिरत होता. वायू पुन्हा वायुरूप करण्याच्या केंद्राचा खर्च एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला, हे टीकाकारांनी दाखवून दिले. वीज मंडळाला प्रकल्पात भागीदारी मिळण्याची तरतूद झाली. आणि जो दुसरा टप्पा पूर्वी मंडळाच्या इच्छेवर होता, तो आता बंधनकारक झाला. म्हणजे बुडवायला निघालेल्या जहाजात आपण दुप्पट माल भरला. डॉलर, आयात इंधन, क्षमता आकार, लंडनचा लवाद, हमी आणि प्रतिहमी ही सारी जागच्या जागी राहिली. उच्च न्यायालयातील फसवणुकीचा आरोपही सोडून देण्यात आला.

केंद्रात १९९६ च्या मे महिन्यात अटलजींचे पहिले सरकार आले. ते तेरा दिवस टिकले. विश्वासमत मिळणार नाही हे दिसत असताना, त्या तेरा दिवसांच्या अखेरीस, मंत्रिमंडळाने सुधारित प्रतिहमीला संमती दिली. राज्यातील युती सरकारने तडजोड केली हे समजण्यासारखे होते. रिकामी तिजोरी, भारनियमन आणि गुंतवणूकदारांचा दबाव या गोष्टी काल्पनिक नव्हत्या. परंतु ज्या सरकारला लोकसभेचा विश्वास मिळालेला नाही, त्याने राष्ट्राच्या तिजोरीची हमी कोणत्या घाईने द्यावी, याचे समाधानकारक उत्तर आजही कोणी दिलेले नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या करारालाही आव्हान देणारी याचिका फेटाळली. न्यायालयाने फेटाळली ती कायद्याच्या कारणांनी. पण भ्रष्टाचाराचा आरोप करून तो मागे घेणाऱ्या सरकारच्या वर्तनावर आणि लोकहितावर मात करणाऱ्या राजकीय सोयीवर कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली.

या साऱ्यात गुहागर तालुक्यातील माणसाचे काय झाले? १९९५ पूर्वी तो विरोध करत होता तेव्हा विरोधी पक्षाचे नेते त्याच्या सभांना येत. १९९६ नंतर तोच माणूस, त्याच जमिनीसाठी, त्याच रस्त्यावर बसला, तेव्हा त्याच्यावर लाठ्या पडल्या आणि अटका झाल्या, आणि गृहखाते त्याच युतीकडे होते. ॲम्नेस्टीने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर अहवाल लिहिले. या संस्था भारताविषयी पूर्वग्रहाने लिहितात, अशी आपली तक्रार असते आणि ती अनेकदा योग्यही असते. पण वेलदूरच्या कोळी बायकांना पोलिसांच्या गाडीत घातले गेले की नाही, हा प्रश्न लंडन आणि न्यूयॉर्कच्या पूर्वग्रहाचा नाही. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांना यातले वेगळे काही सांगायला नको. शिवसागराखाली गेलेल्या गावांतल्या कुटुंबांना राष्ट्राच्या विकासासाठी जमीन द्या असे सांगण्यात आले. त्यांतील कित्येकांची तिसरी पिढी पुनर्वसनाच्या कागदांसाठी हेलपाटे घालते. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा भूकंपही याच लोकांनी सोसला. राष्ट्र हा शब्द ज्यांच्या दारात सर्वांत महाग पडतो, त्यांना तो वापरणाऱ्याकडून हिशेब मागण्याचा अधिकार सर्वांत आधी आहे.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९९९ च्या मार्चमध्ये कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या तळाशी सुरुंग लावून सरोवर-छेदाचा प्रयोग यशस्वी झाला. त्यातून एक हजार मेगावॉटची भर पडली, आणि ती स्वदेशी अभियंत्यांच्या कौशल्याने. दोनच महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, दाभोळचा पहिला टप्पा सुरू झाला. तेल महागले, रुपया उतरला, मागणीच्या मानाने वीज जास्त झाली, आणि कमी वीज घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जाऊन युनिटचा दर चढू लागला. २००० साली एका टप्प्यावर तो सात रुपयांच्याही पुढे गेला. वीज मंडळाचा स्वतःचा संसारच वीजगळती आणि थकबाकीने मोडकळीला आला होता, हेही विसरता येणार नाही. मंडळाची बिले थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मे महिन्यात मंडळाने करार रद्द केला आणि प्रकल्प बंद पडला. माधव गोडबोले यांच्या समितीने एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात राज्यकारभाराच्या अपयशाचा ठपका एका पक्षावर ठेवला नाही. लागोपाठच्या सर्वच सरकारांवर ठेवला. डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच हिशेबातील लबाड्यांमुळे दिवाळखोरीत गेली. समुद्रात बुडाली ती ह्यूस्टनच्या किनाऱ्यावर, आणि तीही आपण बुडवली नव्हती.

याच काळात, २००१ साली, दत्तोपंत ठेंगडी यांनी दिल्लीच्या रामलीला मैदानावर भारतीय मजदूर संघाच्या मेळाव्यात आपल्याच विचाराच्या सरकारच्या आर्थिक धोरणावर जाहीर आणि जहाल टीका केली होती. अनेकांना ते आवडले नव्हते. घरातील भांडण चव्हाट्यावर आणले, असा सूर निघाला होता. पण स्वदेशी ही विरोधी पक्षात असतानाची भाषा आहे की सत्तेत असतानाचीही, हा प्रश्न दत्तोपंतांनी विचारला नसता तर कोणी विचारायचा?

हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये २०१६ च्या जनमत चाचणीत ‘नियंत्रण परत घ्या’ अशी घोषणा होती आणि लाल बसवर लिहिले होते की, आठवड्याला पस्तीस कोटी पौंड युरोपला जातात. तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असे त्यांच्याच सांख्यिकी प्राधिकरणाने सांगितले. आयर्लंडच्या सीमेचे काय करायचे, हा खरा सार्वभौमत्वाचा पेच प्रचारात फार कमी ऐकू आला आणि मतदान झाल्यावर पुढली चार वर्षे सगळा देश त्यातच अडकला. अमेरिकेत ‘नाफ्टा’ करार फाडून टाकण्याची भाषा होती. ट्रम्प यांनी मेक्सिको आणि कॅनडाशी पुन्हा बोलणी केली आणि २०२० मध्ये नव्या नावाने करार लागू झाला, ज्यात जुन्याचा सांगाडा बराचसा तसाच होता. १९९६ च्या जानेवारीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हंगेरीत ‘ब्रुसेल्सला थांबवा’ अशी सरकारी मोहीम चालू असताना ब्रुसेल्सचा निधी त्याच सरकारच्या रस्त्यांवर खर्च होत होता. आणि हे फक्त उजव्यांचे आहे असेही नाही. ग्रीसमध्ये २०१५ साली डाव्या सरकारने परक्या सावकारांच्या अटींवर जनमत घेतले, ६१ टक्के लोकांनी नकार दिला आणि आठवडा-दीड आठवड्यात त्याच सरकारने तशाच, किंबहुना अधिक कडक अटी मान्य केल्या.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. सभेतले भाषण म्हणजे करारनामा नव्हे, लोकांना जागे करण्यासाठी भाषा तीव्र करावीच लागते. हे खरे आहे. ‘समुद्रात बुडवू’ ही घोषणा नसती तर एन्रॉनचा करार विधिमंडळाच्या पटलावर कधी चर्चेलाच आला नसता. ज्यांनी ही घोषणा चेष्टेचा विषय केली, त्यांनी मूळ करार गुपचूप करणाऱ्यांना किती प्रश्न विचारले होते? पण त्या उत्तरात एक गफलत आहे. सभेला आलेल्या माणसाला भाषण आणि करारनामा यांतला फरक कळत नाही असे नव्हे. त्याला तो कळतो. तो फरक पाहूनच तो पुढच्या वेळी किती विश्वास ठेवायचा ते ठरवतो. १९९५ मध्ये ज्या कार्यकर्त्याने दारोदार जाऊन एन्रॉनचा विषय मांडला, त्याला १९९६ मध्ये त्याच दारात ‘काय हो, बुडवला का?’ हा प्रश्न ऐकावा लागला. त्या वेळी त्याच्या हातात पारीख गटाचा अहवाल नव्हता, नव्या कराराची प्रत नव्हती, की तडजोड का करावी लागली याचे प्रामाणिक स्पष्टीकरणही वरून आले नव्हते. नेत्याला खुलासा करायला पत्रकार परिषद असते, कार्यकर्त्याला ओटा.

तेव्हाच्या सरकारने दुसरा मार्ग घेतला असता तर? न्यायालयातील दावा शेवटपर्यंत लढवणे हा एक मार्ग होता, जरी तो लांब आणि खर्चाचा होता. लवादाला सामोरे जाऊन भरपाई देऊन मोकळे होणे, हा दुसरा. पहिला टप्पा ठेवून दुसरा नाकारणे, हा तिसरा आणि बहुधा सर्वांत शहाणपणाचा. मुंडे समितीच्या शिफारशीतील दुसऱ्या टप्प्याविषयीचा भाग तरी टिकला असता. तिन्ही मार्गांत नुकसान होते. पण लोकांना ते नुकसान आकड्यांत सांगता आले असते आणि राष्ट्राच्या हातातील निर्णय राष्ट्राच्या हातात राहिला असता.

अंजनवेलचा तो प्रकल्प २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. त्यात एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या पुढे होत्या. म्हणजे शेवटी परक्याची मालमत्ता राष्ट्राने घेतली, पण राष्ट्राच्याच पैशाने. परदेशी विमा संस्था व सावकार यांची देणी मिटवूनच. पुढे देशी वायूचा पुरवठा आटल्याने ती चाके पुन्हा थांबली. काही वीज रेल्वेने घेतली आणि वायूचा धक्का वेगळ्या कंपनीकडे गेला. करार कसा झाला याची चौकशी करण्यासाठी राज्याने न्यायमूर्ती कुर्डूकर यांचा आयोग नेमला होता. केंद्राने आक्षेप घेतल्यावर तो सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला आणि तेव्हा केंद्रात आपल्याच विचाराचे सरकार होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतका काळ लोटल्याचे कारण देऊन ते जुने प्रकरण बंद केले. दोन कोटी डॉलरचे ते ‘शिक्षण’ कोणाला मिळाले, हे त्यामुळे कोणत्याही न्यायासनापुढे कधी स्पष्ट झालेच नाही.